राजा उठून गेला : हॅम्लेट आणि झाडीपट्टीचा प्रेक्षक

जगाच्या रंगभूमीवर एखाद्या प्रेक्षकाने दिलेले सर्वांत प्रसिद्ध मत शब्दांत दिलेले नाही. एक राजा नाटक पाहत बसला आहे. समोर, बागेत झोपलेल्या एका राजाच्या कानात कोणी विष ओततो. पाहणारा राजा उठतो, दिवे मागवतो आणि चालू लागतो. प्रयोग तिथेच बंद पडतो. एवढ्यावरून 'हॅम्लेट'मधल्या खुनाचा छडा लागतो.

आमच्याकडे उठून जाणे हे आजही सर्वांत कडक मत समजले जाते. भाऊबीज झाली की मंडया सुरू होतात, धान कापून खळ्यावर येते, शंकरपट भरतात आणि रात्री नाटक असते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जंगलपट्टीत हा हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. रात्री दहा-अकराला उघडलेला पडदा पहाटे पडतो. थंडी असते, पोरे मांडीवर झोपलेली असतात, पाहुणे तालुक्या-तालुक्यांतून आलेले असतात. अशा रात्री तिकीट काढून बसलेला माणूस तिसऱ्या अंकाआधी चादर झटकून उठला, तर मंडळाची माणसे ते बरोबर टिपतात. पुढच्या वर्षी नाटक ठरवायला ती वडशाला जातात तेव्हा त्या कंपनीच्या पाटीखालून न थांबता पुढे जातात. वडसा म्हणजे देसाईगंज. गोंदिया-चांदाफोर्ट रेल्वेमार्गावरचे हे गाव झाडीपट्टीच्या नाट्यव्यवसायाची बाजारपेठ आहे.

मी नाट्यशास्त्र शिकलेलो नाही. बारावीनंतर लाकडाच्या एका डेपोत नोंदवह्या लिहिल्या आणि वाचनाची सवय तिथल्या निवांत दुपारींनी लावली. गेली पंचवीस वर्षे हंगामात जमतील तेवढी नाटके पाहतो आणि दुसऱ्या दिवशी लोक काय बोलले ते वहीत उतरवून घेतो. चहाच्या टपरीवर, बसथांब्यावर, खळ्यावर. नाटकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यापासून तर शहरांतूनही लोक येतात, फोटो काढतात आणि जातात. पण ज्याच्या उठण्या-बसण्यावर हा सारा व्यवहार चालतो, तो प्रेक्षक काय म्हणतो हे कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून मी ठेवतो.

हॅम्लेट या वह्यांत आला तो अपघाताने. वडशाच्या कंपन्यांकडून मी कधी हॅम्लेट पाहिलेला नाही. एका पहाटे प्रयोग संपल्यावर ब्रह्मपुरीकडच्या पहिल्या बसची वाट पाहत आम्ही सात-आठ जण शेकोटीपाशी बसलो होतो. एक आजी म्हणाल्या, "भाऊ, तुमी आमचं लिवता. आता तुमीच एखांदी गोष्ट सांगा." त्या आठवड्यात माझ्या पिशवीत नाना जोगांचे 'हॅम्लेट' होते. नाना जोग आमच्याच विदर्भातले, नागपूरचे. (त्यांच्या या भाषांतराचा प्रयोग चंद्रकांत कुलकर्णी यांनी २०१८ साली सुमीत राघवनला घेऊन केला, तेव्हा मुंबई-पुण्यात त्याची बरीच चर्चा झाली.) मी गोष्ट सांगितली. पुढे ती वेगवेगळ्या गावांत, निरनिराळ्या माणसांना सांगत राहिलो आणि मते टिपत राहिलो.

आधी या गोष्टीच्या मराठी वाटचालीविषयी थोडे सांगायला हवे, कारण मतांमधला फरक त्याशिवाय कळणार नाही.

शेक्सपिअरने हे नाटक १६०० च्या सुमारास लिहिले. मराठीत ते आले गोपाळ गणेश आगरकरांच्या हातून. कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना १८८२ साली शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. त्या मुक्कामात आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणायला घेतला. १८८३ साली तो 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाला. डेन्मार्कचा राजपुत्र चंद्रसेन झाला. अकोल्याला शिकलेल्या, गरिबीत वाढलेल्या, सव्वीस वर्षांच्या माणसाने कोठडीत बसून हे नाटक का निवडावे, याचा विचार मी खूप केला आहे. नाटकातला राजपुत्रही डेन्मार्कला तुरुंगच म्हणतो, हे एक कारण असेल. नावातून मात्र आगरकरांचा कल स्पष्ट दिसतो. त्यांना त्यात विकारांचा विलास दिसला. शोक, राग, संशय, किळस आणि प्रेम माणसाला कसे फरफटत नेतात, ते.

रंगमंचावर चंद्रसेन गाजवला तो शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी. त्यांचे औपचारिक शिक्षण बेताचे. पण त्यांचा हॅम्लेट पाहणाऱ्यांनी पुढे आयुष्यभर आठवणी सांगितल्या. १९२२ साली ते गेले, आणि शंभर वर्षांनंतरही मराठीत गंभीर नटाची गोष्ट निघाली की त्यांचे नाव निघते. नंतर किशोर साहूंनी १९५४ साली हिंदीत 'हॅम्लेट' काढला. त्यात ऑफेलिया होती माला सिन्हा.

आता आगरकरांच्या वाचकासमोर असलेली अडचण पाहा. राजपुत्राला बापाच्या मृत्यूइतकाच, किंबहुना भुताची भेट होण्याआधी त्याहूनही अधिक, आईच्या पुनर्विवाहाचा संताप आहे. नवऱ्याला जाऊन दोन महिने झाले नाहीत तोच ती दिराशी लग्न करते. १८८३ च्या पुण्यात विधवेचा पुनर्विवाह हाच वादाचा विषय होता. कायदा १८५६ साली झाला होता, तरी लग्न करणाऱ्यांवर बहिष्कार पडत होते. ज्या आगरकरांनी पुढे 'सुधारका'तून विधवांची बाजू मांडली, त्यांनीच पुनर्विवाहावर आग ओकणारा नायक मराठीत आणला होता. पांढरपेशा प्रेक्षकाला राजपुत्राची किळस समजावून सांगावी लागली नसेल. त्याला ती घरचीच वाटली असणार.

इंग्लंडची गोष्ट वेगळी. तिथे विधवेने लग्न करण्यात काही गैर नव्हते. गैर होते ते भावाच्या विधवेशी लग्न. आठव्या हेन्रीने भावाच्या विधवेशी लग्न केले होते आणि तेच कारण पुढे करून १५३३ साली ते रद्द ठरवून घेतले. त्यानंतरच्या राणीची मुलगी म्हणजे एलिझाबेथ, जिच्या राज्यात हॅम्लेट लिहिले गेले. दिराशी लग्न अधर्म ठरले नसते, तर ही राणी औरस ठरली नसती. भावाच्या विधवेशी लग्न करण्यावरची बंदी इंग्लंडच्या कायद्यातून १९२१ साली उठली.

शेकोटीपाशी मी आईच्या लग्नापर्यंत आलो आणि थांबलो. संतापाचा सूर निघेल अशी माझी अपेक्षा होती. एक गोंड काकाजी शांतपणे म्हणाले, "त्यात वाईट का हाय? लहान भावानं भावजयीले आधार देल्लन." बाकीच्यांनी माना डोलावल्या. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडी ग्रंथात गोंडांमधली ही चाल नोंदली आहे. विधवेने नवऱ्याच्या धाकट्या भावाशी संसार मांडणे हे त्यांच्यात रीतीला धरून होते. इतर शेतकरी जातींत 'पाट' होताच. तिथे बसलेल्या बायकांपैकी दोघींच्या आयांचे पाट झालेले होते. त्यांनी मला विचारले, "पोरगा मोठा हाय ना? मंग आईवर कायले चिडते?"

मला वाटले, मोठा शोध लागला. काही वर्षांनी एका मित्राने लॉरा बोहॅनन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा १९६६ सालचा लेख झेरॉक्स करून पाठवला. पश्चिम आफ्रिकेतल्या तिव लोकांना त्यांनी हॅम्लेटची गोष्ट सांगितली, तेव्हा तिथल्या वृद्धांनीही दिराच्या लग्नाला पसंतीच दिली होती. माझ्या शोधाची हवा गेली. पण लेख पुढे वाचला आणि वही पुन्हा उघडली. तिव वृद्धांना मेलेला माणूस चालतो-बोलतो हेच मान्य नव्हते. भुतापाशी ते अडले. आमची माणसे भुतापाशीच अडली, पण निराळ्या कारणाने.

किल्ल्याच्या तटावर मेलेल्या राजाचे भूत येते आणि मुलाला सांगते की मला साप चावला नाही, तुझ्या काकाने विष दिले, तू सूड घे. भूत आले याबद्दल शेकोटीपाशी कोणालाच शंका नव्हती. एका म्हाताऱ्याने तर ते कोणत्या तिथीला आले असेल यावर दोन मिनिटे खर्च केली. शंका आली ती त्याच्या साक्षीविषयी. सुरुवातीला गोष्ट सांगायला लावणाऱ्या आजींनीच हातातली काडी आगीत टाकून विचारले, "भूत सांगते म्हनून कोनाले माराचं का?"

मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

तो वेळ का गेला ते या दोन जिल्ह्यांबाहेरच्या वाचकाला सांगितले पाहिजे. इथे माणूस आजारी पडतो, मूल दगावते, गाय मरते, आणि मग कोणी तरी विचारायला जातो. ज्याच्या अंगात येते तो नाव सांगतो. बहुधा ते नाव एकट्या म्हातारीचे किंवा ज्याच्या जमिनीवर कोणाची नजर आहे अशा माणसाचे असते. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर २०१३ साली राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यानंतर २०२१ च्या ऑगस्टमध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द इथे म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारले गेले. २०२४ च्या मे महिन्यात एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा इथे एका स्त्रीला आणि एका पुरुषाला करणीच्या संशयावरून मारहाण करून जाळण्यात आले. वर्तमानपत्रांत येतात ती प्रकरणे अशी. अशा खुनात रहस्य नसते. कोणी मारले हे गावाला माहीत असते, कारण मारणारे गावातलेच असतात, कधी घरातलेही. नाव कोणी घेत नाही एवढेच.

आता हॅम्लेटकडे परत पाहा. इंग्रजी आणि मराठी समीक्षेत शे-दोनशे वर्षे एक प्रश्न चघळला गेला आहे. हा राजपुत्र सूड घ्यायला इतका उशीर का लावतो? कोणी त्याला दुबळा म्हटले, कोणी विचाराने लुळा झालेला, कोणी आजारी. 'विकारविलसित' हे नावदेखील त्याच वाटेने जाते. पण संहितेत राजपुत्र स्वतः कारण देतो आणि ते अगदी साधे आहे. मला दिसले ते सैतानाचे सोंगही असेल, मला फसवून नरकात न्यायला आलेले असेल, मला याहून पक्का पुरावा हवा. म्हणून तो गावात आलेल्या नाटक कंपनीला बोलावतो, त्यांच्या खेळात आपल्या ओळी घालतो, मित्राला सांगतो की नाटकाकडे पाहू नकोस, राजाच्या तोंडाकडे पाहा. म्हणजे साक्षीदारही दोन ठेवतो. देवाला विचारून आलेल्या नावावर काठी न उचलता आधी खात्री करून घेणारा माणूस युरोपच्या प्रेक्षकाला चालढकल करणारा वाटला. ब्रह्मपुरी-वडशाच्या शेकोटीला तो शहाणा वाटला. "बरोबर केलन" असे माझ्या वहीत या प्रसंगापुढे निरनिराळ्या गावांत पुन्हा पुन्हा लिहिलेले आहे.

याच्या उलट बाजूही लोकांनी दाखवली, आणि ती मला सुचलेली नव्हती. राजपुत्र एकदाच विचार न करता वार करतो. आईच्या महालात पडद्यामागे हालचाल होते, तो तलवार खुपसतो, आणि मरतो तो पोलोनियस, त्याच्या प्रेयसीचा बाप. संशयावर केलेला वार भलत्याला लागतो. एका तरुण शिक्षकाने हे ऐकून म्हटले, "सगळं इथून बिघडते, भुतापासून नाई." पुढची ओळ पाहिली तर त्याचे खरे आहे. या मृत्यूने ऑफेलियाला वेड लागते, ती पाण्यात जाते, तिचा भाऊ विषारी तलवार हाती घेतो, आणि शेवटी सगळे मरतात.

माझ्या या वाचनाला एक खिंडार आहे, ते लपवत नाही. नाटकाचा खेळ झाल्यावर पुरावा मिळालेला असतो. राजा एकटा प्रार्थना करत असतो, राजपुत्र मागे उभा असतो, तरी तो मारत नाही. कारण देतो असे की प्रार्थनेत मेला तर स्वर्गात जाईल, पापात असताना मारू. इथे उशिराचा संबंध पुराव्याशी उरत नाही. आमच्या माणसांनाही हे पटले नाही. प्रार्थना करणाऱ्याला सोडले हे ठीक, पण त्याचे कारण वंगाळ, असा कौल पडला. मी फार तर इतकेच म्हणेन की पहिल्या अर्ध्या नाटकापुरते शेकोटीचे म्हणणे टिकते, आणि ते अर्धे नाटक समीक्षकांनी फार भरभर ओलांडले आहे.

प्रेमाच्या भागावर पुरुष कमी बोलले, बायका जास्त. ऑफेलियाला बाप आणि भाऊ सांगतात, राजपुत्राच्या नादी लागू नकोस. नंतर तोच बाप तिला त्याच्या वाटेत उभी करतो आणि राजाला घेऊन आडोशाला लपून ऐकतो. बायकांनी इथे गोष्ट थांबवली. "पोरीले गराले लावलन," एक म्हणाली. झाडीबोलीत गळाला गर म्हणतात. मासे धरण्याचा तो गळ. आमच्या नाटकांतही प्रेम असतेच, दोन जातींतले, गरीब-श्रीमंतांतले, आणि बऱ्याचदा त्यात एक खून असतो. पण नायिकेला बापाने आमिष म्हणून वापरले असे क्वचित दाखवतात. बाप एक तर क्रूर असतो किंवा दुःखी. पोलोनियससारखा, मुलीवर माया करणारा आणि तरी तिला कामाला लावणारा बाप बायकांना ओळखीचा वाटला. राजपुत्राला मात्र त्यांनी माफ केले नाही. बापाचा पुरावा मागणाऱ्याने पोरीबद्दल एकदाही खात्री करून घेतली नाही, तिला घालून पाडून बोलला, हे त्यांचे म्हणणे मी कोणत्याही मराठी पुस्तकात वाचलेले नाही.

खुनी कोण हे शेवटपर्यंत लपवून ठेवण्याची युरोपची रीत बरीच पुढची. राजपुत्राने दरबारात केलेल्या त्या खेळाचे नाव तो थट्टेने 'उंदराचा सापळा' असे सांगतो. तेच नाव अगाथा ख्रिस्तीने आपल्या नाटकाला दिले. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी ते लंडनला सुरू झाले आणि २०२० च्या साथीपर्यंत अखंड चालले. तिथे प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. झाडीपट्टीत असले वचन कोणी पाळणार नाही. सकाळी सात वाजेपर्यंत सगळी कथा खुन्यासकट तीन गावे ओलांडून गेलेली असते, आणि तिच्यामुळेच पुढच्या गावचा तंबू भरतो. आमच्याकडच्या खुनाच्या नाटकांत खलनायक बहुधा पहिल्या अंकातच कळतो. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मध्येही लखोबा कोण आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि तो कोर्टात उभा राहून नाकारत असतो. १९६२ पासून लोक ते पाहत आले. उत्सुकता असते ती त्याच्या तोंडावर, सगळ्यांसमोर, कोण सांगणार याची. माझ्या वह्यांत टाळ्यांच्या ज्या जागा नोंदल्या आहेत त्या बहुतेक अशाच आहेत. म्हातारी आई, मुकी बहीण किंवा घरगडी पुढे येतो आणि नाव घेतो. त्या क्षणी जमिनीवर बसलेली माणसे उभी राहतात, पण तंबूतून जाण्यासाठी नाही. नाव घेणे इथे किती अवघड आहे हे त्यांना माहीत असते.

हॅम्लेटमधली एक सूचना मात्र झाडीपट्टीत कधीच चालणार नाही. राजपुत्र नटांना बजावतो की विदूषकाने लिहिलेल्यापेक्षा जास्त बोलू नये. हे मी एका विनोदी नटाला सांगितले, तेव्हा तो इतका हसला की तोंडावरचा रंग पुसून पुन्हा लावावा लागला.

गेल्या हंगामात नागभीडकडच्या एका गावी मी ही गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी ऐकणाऱ्यांत एका कंपनीचा प्रॉम्प्टर होता. रात्रभर दुसऱ्यांची वाक्ये बोलून त्याचा घसा बसला होता. राजा उठून गेला, खेळ मोडला, इथवर आलो आणि पुढे जाऊ लागलो. त्याने हात वर करून थांबवले. भूत, खून, पोरगी यांतले काहीच त्याला विचारायचे नव्हते.

"मंग त्या कंपनीचं का झालं? खेळ अर्धाच झाला ना. पैसे भेटले का त्यायले?"

घरी येऊन संहिता पुन्हा चाळली. राजा उठून गेल्यानंतर त्या नटांचे पुढे काय झाले ते संहिता सांगत नाही.